चाळीस शेरांचं मन

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास आगाशीच्या आमच्या घरात मला तीनशे अठरा रुपये मिळाले. दोनशे बारा पानं, पानाला दीड रुपया. हजर होते पैसे देणारे ओगले सर, ते मोजणारे बाबा, फराळाची ताटली घेऊन उभी असलेली आई आणि मी. सरांच्या मते पानं दोनशे अकराच होती, कारण शेवटच्या पानावर सहाच ओळी होत्या. मी म्हटलं, ओळी सहा असल्या तरी कागद अख्खा गेलाय. बाबांनी डोळे वटारले, पण सर हसले आणि वरचा दीड रुपया त्यांनी खिशातून काढून दिला. ज्या बाईच्या तोंडून त्यातली निम्मी पानं आली होती ती हिरूबाय तिथे नव्हती. तिला बोलवायला हवं होतं असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही. आज लिहिताना हे खटकतं. तेव्हा खटकलं नव्हतं, हेही लिहायला हवं.

मी तेव्हा अकरावीत होते. ओगले सर कॉलेजात मराठी शिकवायचे आणि पापडीला राहायचे. रविवारी स्कूटरच्या हँडलला टेपरेकॉर्डरची पिशवी अडकवून ते खाडीकाठच्या पाड्यांतून हिंडायचे आणि म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी टेप करून आणायचे. अशा सतरा कॅसेटी जमल्यावर त्यांचं पुस्तक करायचं ठरलं. सरांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे. वाचनालयात बाबांशी त्यांची ओळख होती आणि माझं अक्षर छापल्यासारखं आहे, हे बाबा ओळख नसलेल्यांनाही सांगत. कॅसेट ऐकायची, कच्च्या वहीत उतरवायची, मग बोली काढून शुद्ध मराठीत पक्की प्रत करायची, असं काम होतं. सरांनी बजावून सांगितलं होतं, "गोष्ट तीच ठेव. भाषा मात्र शाळेतल्या मुलाला वाचता आली पाहिजे."

बाबांना याहून आवडीचं काम मला कुणी देऊ शकलं नसतं. ते मुंबईत सरकारी कचेरीत कारकून होते आणि शुद्धलेखन हा त्यांचा एकमेव शौक होता. घरात आलेली लग्नपत्रिका आधी त्यांच्या लाल पेनाखालून जायची आणि मग आईला कळायचं की लग्न कुणाचं आहे. आम्ही गिरगावातून आगाशीला आलो तेव्हा मी दुसरीत होते. वर्गात खाडीकडची बरीच मुलं होती. महिन्याभरात मी 'पानी' म्हणायला लागले. बाबांनी त्यावर उपाय काढला. पाणी मागायचं तर 'ण' नीट म्हणायचा, नाहीतर पेला मिळणार नाही. उन्हातून खेळून आल्यावर मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून "पाणी, पाणी, पाणी" असं घोकायचे आणि आई म्हणायची, "अहो, तहानेनं मरेल पोरगी, व्याकरण राहील मागे!" आई रत्नागिरीकडची. तिला ण आणि न यापेक्षा सुकटीत वाळू किती आहे याची काळजी जास्त.

ती सुकट आणायची हिरूबाय. दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी ती खाडीपलीकडच्या पाड्यावरून एसटीने यायची. टोपलीत सुकट, बोंबील, कधी मिठाची पुरचुंडी. हयातभर मिठागरात काम केल्याने तिच्या पायांची कातडी पांढुरकी होऊन चिरलेली होती. बाजार आटोपला की उरलेला माल घेऊन ती आमच्या इमारतीत फिरायची. तळमजल्यावर आम्ही, म्हणून पहिलं दार आमचं. आई जर्मनच्या पातेल्यात सुकट कोरडी भाजायला घेई आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्या एकेक करून लागत. तेव्हा आमच्या मागे केळीची वाडी होती. वाडीवाले मांडवावर सालं काढलेली केळी वाळत घालून सुकेळी करत. एका बाजूने सुकेळ्यांचा गोड वास आणि दुसऱ्या बाजूने सुकटीचा. आता वाडीच्या जागी चार इमारती आहेत आणि तिथे कुणी सुकट भाजली तर सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येते. मी खजिनदार आहे, अध्यक्ष नाही, त्यामुळे उत्तर देत नाही.

कॅसेटीत गोष्टीपेक्षा इतर आवाज जास्त होते. कोंबड्या, रडणारं मूल, कुणीतरी धुणं आपटतंय, मध्येच सरांचं "हं, मग?" हिरूबायचा आवाज या सगळ्यावर चढून यायचा. ती थांबायची नाही, चुकायची नाही, मागचं पुन्हा सांगायची नाही. मी टेपच्या बटणावर अंगठा ठेवून अर्धं वाक्य ऐकायचे आणि लिहायचे. वहीच्या शेवटच्या पानावर मी दोन रकाने आखले होते: डावीकडे तिचा शब्द, उजवीकडे शुद्ध. पानी, पाणी. कोन, कोण. लोनी, लोणी. मना, मला. काला, काळा. 'काम झाला' म्हणजे काम झालं. 'पोर रडला' म्हणजे पोर रडलं. अशा त्रेचाळीस नोंदी झाल्या. बाबांनी त्या तपासल्या आणि खाली 'उत्तम' असं लिहिलं. त्यांचा एक नियम होता: शंका आली तर ओळ सोड आणि विचार. मी तो पाळला. जिथे शंका आली तिथे ओळ सोडली.

पुस्तक चैत्रात आलं. चौतीस गोष्टी, एकशे साठ पानं, मागे सांगणाऱ्यांची यादी. हिरूबायचं नाव सरांनी 'हिराबाई' केलं होतं आणि पुढे 'वय अंदाजे साठ, मिठागर कामगार' असं लिहिलं होतं. ऋणनिर्देशात 'सुवाच्य प्रत करून देणारी कु. सुनंदा' ही मी. बाबांनी ते पान इमारतीतल्या आठही घरांत दाखवलं. मग लाल पेन घेऊन बसले आणि छपाईच्या सतरा चुका काढल्या.

मी ते पुस्तक दोन दिवसांत वाचलं. गोष्टी मला जवळपास पाठ होत्या, तरी छापून आल्यावर त्या दुसऱ्याच कुणाच्या वाटत होत्या. कॅसेटीतल्या कोंबड्या निघून गेल्या होत्या. वाचताना मी पेन्सिलीने समासात खुणा करत गेले. चौतीसपैकी नऊ गोष्टींत धाकटी सून शहाणी निघते. थोरली एकाही गोष्टीत नाही. मी आईबाबांची एकुलती एक, म्हणजे थोरलीही मीच आणि धाकटीही मीच, त्यामुळे यातून काय घ्यावं ते कळेना. बारा गोष्टींत कुणीतरी उपाशी झोपतं. राजा पाचच गोष्टींत आहे आणि त्यातल्या चारांत मूर्ख. एका गोष्टीत एक चिंबोरी नवऱ्याशी भांडून तिरकी चालायला लागते आणि नंतर भांडण मिटलं तरी सवय जात नाही. ती वाचून मी मोठ्याने हसले. समुद्रात दगड झालेल्या कोळ्याची गोष्ट मला पटली नाही. आजही पटत नाही, कारण त्याची बायको रोज त्या दगडावर भाकरी ठेवते आणि भाकरी रोज संपते, पण कोण खातं ते गोष्ट सांगत नाही.

एका गोष्टीत हिशेबच चुकला होता. सात भावांनी प्रत्येकी सात घडे ताडी आणली आणि वाटणीच्या वेळी घडे झाले पन्नास. मी पुढच्या गुरुवारी बाजारात हिरूबायला धरलं. म्हटलं, सात सत्ते एकोणपन्नास.

"हाय की एकुनपन्नास," ती म्हणाली.

"मग पन्नासावा कुठून आला?"

"तो ऐकनाराचा. ऐकनारा काय कोरडा बसंल?"

मी समासातली खूण खोडली.

पान चौऱ्याऐंशीवरची गोष्ट सरांची सर्वांत आवडती होती. प्रस्तावनेत त्यांनी तिच्यावर एक परिच्छेद लिहिला होता, 'मानवी लोभाचे इतके प्रखर चित्र' वगैरे. पुस्तकात ती अशी होती: एक विधवा मिठागरात काम करायची. मजुरी रोज एक शेर मीठ. चाळीस दिवसांचं मीठ साठलं की मालकाने त्याच्या बदल्यात तांदूळ द्यायचा, असा बोल होता. ती टोपली घेऊन त्याच्या अंगणात गेली. मालक म्हणाला, रात्रभर राहू दे, सकाळी बघू. सकाळी त्याने मीठ तोललं, पण तिचं मन भरलं नाही. ती परत गेली, पुन्हा चाळीस दिवस राबली, पुन्हा आली, तरी तिचं मन भरलं नाही. मग तिसऱ्या खेपेला तिने तिथली माती चाखून बघितली आणि मालकाचं अंगणच खणायला सुरुवात केली. रोज थोडी माती खणून न्यायची. खणता खणता उंबऱ्यापर्यंत खड्डा गेला, भरतीचं पाणी आत शिरलं, मालकाच्या घरात कमरेएवढं पाणी झालं. मालकाने घाबरून स्वतःच्या हाताने तांदूळ ओतला. तेव्हा कुठे तिचं मन भरलं. त्या जागी आजही खारं तळं आहे.

वाचताना मला ती बाई आवडली नाही. समासात मी लिहिलं होतं, 'हावरट. पण मालक एवढा का घाबरला?' बाबांनी ती गोष्ट शेजारच्यांना मोठ्याने वाचून दाखवली आणि आजकाल माणसाचं मन कशानेच भरत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

वैशाखाच्या तोंडावर एका गुरुवारी हिरूबाय आली ती रिकामी टोपली घेऊन. टोपली उंबऱ्याबाहेर पालथी घातली, पण बसली नाही. आईने पाणी पुढे केलं, तेही घेतलं नाही.

"बाय, तुज्या पोरीनं माजी गोष्ट लिवली ना?"

"हो ना! अहो हिरूबाय, तुमचं नाव छापलंय पुस्तकात," आई म्हणाली. "थांबा, दाखवते."

"नाव छापलाय ता बरा झाला. पन त्या बाईला हावरी कनाला छापली?"

आतून मी आले. बाबा आजारपणाच्या रजेवर होते, तेही टॉवेल खांद्यावर टाकून आले. मी विचारलं, "कोण हावरी? मिठागरातली?"

"तीच. तिला हाव नव्हती. मन भरला नव्हता."

"तेच तर लिहिलंय. मन भरलं नाही."

"काय लिवलाय?"

"तिचं मन भरलं नाही."

"तिचा?" हिरूबायचा आवाज चढला. "तिचा कनाला? मालकाचा!"

"मालकाचं मन भरलं नाही?"

"मालकाच्या तराजूत मन भरला नाय गो! चालीस शेराचा मन!"

आधी बाबांना कळलं. त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढला, हातात धरला आणि एकच अक्षर म्हणाले, "ण."

मी खाली बसले. पेन्सिल हातात असती तर तिथल्या तिथे गोष्ट पुन्हा मांडली असती, इतकी ती स्वच्छ दिसायला लागली. रोज एक शेर, चाळीस दिवस, चाळीस शेर, एक मण. टोपली रात्रभर दवात राहिली. मीठ पाझरलं. सकाळी मालकाने तोललं आणि म्हणाला, मण भरला नाही, तांदूळ मिळणार नाही. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तिने तराजूखालची माती चाखून बघितली, ती खारट लागली. माझा शेर तुझ्या अंगणात आहे, म्हणून ती रोज शेरभर माती खणून नेऊ लागली. शेवटी मालकानेच स्वतःच्या हाताने माप पुरं केलं. तेव्हा मण भरला. त्रेचाळीस नोंदींत 'मन' नव्हतं, कारण मन हा शब्द शुद्धच आहे. आणि 'भरला'चं 'भरलं' करण्याचा नियम तर माझ्या रकान्यात लिहिलेलाच होता. शंका आली असती तर विचारलं असतं. शंका आलीच नाही.

हिरूबायला मात्र आमच्या व्याकरणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिची अडचण निराळी होती. तिच्या नातीचं, जयूचं, लग्न चांदीप गावच्या मुलाशी ठरलं होतं. मुलाचे काका प्राथमिक शाळेत मास्तर. सरांनी पुस्तकाच्या प्रती शाळांना वाटल्या होत्या, त्यातली एक मास्तरांच्या हाती पडली होती. पाड्यावर रीत अशी की हळदीच्या दिवशी, उखळात हळद कुटता कुटता, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने नवरीला हीच गोष्ट सांगायची. सासरी माप नीट बघून घे, कमी पडलं तर कुठे सांडलं ते शोध, गप्प बसू नकोस, एवढाच तिचा अर्थ. साखरपुड्यात कुणीतरी ही रीत कौतुकाने बोलून दाखवली, तर मास्तर म्हणाले, "ती हावरट बाईची? आमच्या होणाऱ्या सुनेला असलं काही सांगू नका." हिरूबायने सांगून बघितलं की बाई हावरट नव्हती. मास्तर म्हणाले, "आजी, तुम्हीच सांगितलेली छापली आहे. खाली तुमचं नाव आहे. वय झालं की विसरायला होतं."

"माजे पोरगेपन बोलतात, आई, सोड आता, लगीन मोडंल," हिरूबाय म्हणाली. "माज्या आजेसासूपासून येकपन पोर ही गोष्ट ऐकल्याबिगर पाड्यातनं गेली नाय. आता माजीच नात जाल."

"मी सांगते मास्तरांना," मी म्हटलं.

"तू बोलून काय व्हनार? तो छापलेलाच वाचतो." मग तिने टोपली उचलली आणि आईकडे बघून म्हणाली, "पोरीला बोलू नुको, बाय. पोरीनं काय, सरानं सांगितला ता लिवला. शिकलेल्याची चूक हाय."

सरांनी सांगितलं ते मी लिहिलं नव्हतं. हे मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं आणि बहुधा आईलाही. मी काही बोलले नाही. हिरूबाय गेली.

बाबा आंघोळीला गेल्यावर एकटीने मी कच्ची वही काढली. अकराव्या कॅसेटीची पानं. मालकाच्या तोंडच्या वाक्याआधी मी टिंबं दिली होती आणि वर प्रश्नचिन्ह. ती कॅसेट रस्त्याकडेच्या बांधावर टेप केली होती, तिथे एसटी वळायची. नेमका त्या शब्दावर हॉर्न वाजला होता. ती ओळ मी सोडली होती, नियमाप्रमाणे. पण विचारलं नव्हतं. पक्की प्रत करताना टिंबं गाळली होती, आणि मग वाक्य अर्धवट वाटलं म्हणून पुढे एक शब्द घातला होता: 'तिचं'. असा अकरा ठिकाणी घातला होता. कॅसेट अजून घरीच होती. मी टेपला कान लावून ती जागा पंधरा-वीस वेळा ऐकली. हॉर्नच्या खाली हिरूबाय बोलत होती, "एकुनचालीस. मन भरला नाय." हॉर्नखाली आकडा होता. आकडा ऐकला असता तर पुढे मन कुणाचं हा प्रश्नच पडला नसता. मी पुढे आयुष्यभर आकड्यांचंच काम केलं आणि बेरीज न जुळणारा एकही कागद पुढे जाऊ दिला नाही. लोक त्याला शिस्त म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी पापडीला गेले. सरांच्या घराच्या गच्चीत तीनशे प्रती बांधून पडल्या होत्या. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अगं, लोककथा आहे ही. तिची अनेक रूपं असतात. हेही एक रूप."

"सर, हे रूप लोकांनी केलेलं नाही. मी केलंय."

त्यांनी पुस्तकाचं ते पान उघडलं. त्यांच्या प्रस्तावनेतला तो परिच्छेद वाया जाणार होता, हे मला कळत होतं. मग म्हणाले, "दुसरी आवृत्ती काही निघायची नाही. शुद्धिपत्र छापू. कागद माझ्याकडे आहे. छपाईचं तू बघ. आणि शब्द तू घातलास हे कुणाला सांगत बसू नकोस. चूक संपादकाचीच असते."

आगाशी बाजारातल्या छापखान्यात तेव्हा लग्नपत्रिकांची गर्दी होती. मालक म्हणाला, पंधरा दिवस लागतील. मी म्हटलं, हळद आठ दिवसांवर आहे. "कुणाची, तुझी?" त्याने विचारलं, आणि आतले दोघं हसले. शेवटी दोन पत्रिकांच्या मध्ये माझी चिठ्ठी घ्यायला तो तयार झाला. मजकूर मी लिहिला, बाबांनी तपासला, लाल पेन एकदाही टेकवलं नाही: 'पृष्ठ ८४ ते ८७ वर "मन" ऐवजी "मण" (चाळीस शेर) वाचावे. "तिचं" हा शब्द अकरा ठिकाणी चुकून पडला आहे, तो गाळावा. पहिल्या तोलाच्या वेळी मीठ एकोणचाळीस शेर भरले. मूळ कथा सांगणाऱ्या हिरूबाय यांची कथा बिनचूक आहे.' शेवटचं वाक्य सरांना जास्त वाटलं. मी ते काढलं नाही. आईने मैद्याची खळ करून दिली आणि पापडीच्या गच्चीत बसून तीनशे चिठ्ठ्या पान चौऱ्याऐंशीवर मी एकेक करून डकवल्या.

हळदीच्या दिवशी सकाळी मी एक प्रत घेऊन पाड्यावर गेले. अंगणात मांडव, मांडवाखाली उखळ, उखळाभोवती पाच-सहा बायका मुसळं घेऊन बसलेल्या. जयू मध्ये पाटावर. ती माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठी होती. हिरूबाय एका बाजूला तांदूळ निवडत बसली होती आणि कुणाशीही बोलत नव्हती. मी तिला चिठ्ठी वाचून दाखवली. तिने ती तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा 'बिनचूक'वर बोट ठेवलं, म्हणजे जिथे माझं बोट होतं तिथे.

अकराच्या सुमारास चांदीपची माणसं नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आली. मास्तर पुढे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बाबांसारखंच. हिरूबायने पुस्तक स्वतः त्यांच्या हातात दिलं.

"वाचा, मास्तर. मोठ्यानं. माजा वय झालाय, ऐकू कमी येतंय."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मास्तरांनी चिठ्ठी आधी मनात वाचली, मग मोठ्याने. 'मण' म्हणताना ते थोडे अडखळले. मग पुस्तकाची पानं मागे-पुढे करून त्यांनी मनातल्या मनात सगळी गोष्ट नव्याने लावली असावी, कारण त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे मापात खोट होती," ते म्हणाले. "मालकाची."

"ताच मी साखरपुड्यात बोलत व्हते."

"छापलं होतं ना, आजी. मी काय करणार?"

"आता नीट छापलाय. आता ऐका."

मुसळं सुरू झाली आणि हिरूबायने गोष्ट सांगितली. जयूकडे बघून, मुसळाच्या ठोक्यावर, एक शब्द इकडे-तिकडे न करता. "एकुनचालीस" आला तेव्हा बायकांनी मुसळं वरच्या वर धरली आणि "मन भरला नाय" म्हणताना सगळ्या मिळून एकदम खाली आणली. कॅसेटीत हे नव्हतं. बांधावर सरांबरोबर ती एकटी होती, मुसळं कुठली असणार? जयू आधी खाली मान घालून बसली होती. माती चाखायची वेळ आली तेव्हा तिने मान वर केली. मास्तर उभेच होते. गोष्ट संपली तेव्हा ते म्हणाले, "सून हिशेबी असलेली बरी," आणि जाऊ लागले.

"थांबा," हिरूबाय म्हणाली. "सव्वा रुपाया."

"कसला?"

"गोष्ट अडवली त्याचा दंड. उखलाशी ठेवाचा. ही रीत तुमच्या पुस्तकात नाय आली."

मास्तरांनी खिसे चाचपले, एक रुपया आणि पावली काढली आणि उखळाच्या कडेला ठेवली. बायका पुन्हा हसल्या. हिरूबायने नाणी उचलली आणि सगळ्यांकडे नजर फिरवली, जशी ती बाजारात टोपली उचलण्याआधी फिरवायची.

"अजून कोनी मोडली गोष्ट?"

ती मला विचारत नव्हती. तिच्या लेखी तो प्रश्न सरांचा होता आणि सर आलेले नव्हते. सरांनी सांगितलेलं मला आठवलं. मी म्हटलं, "मी मोडली, हिरूबाय. सरांनी नाही. 'तिचं' हा शब्द मी घातला. हॉर्नमुळे आकडा ऐकू आला नाही, तर तुम्हाला विचारलं नाही. दर गुरुवारी तुम्ही दारात होतात."

मुसळं थांबली होती. "सराला आमची बोली कलत नाय, तो चुकंल," हिरूबाय म्हणाली. "तू तर पन्नासाव्या घड्यासाठी मना बाजारात अडवली व्हती." मग हात पुढे केला.

माझ्याकडे सुटे नव्हते. मी दहाची नोट दिली. तिने कमरेची पिशवी सोडली, हळदीच्या पिवळ्या बोटांनी नाणी निवडली आणि माझ्या हातावर पावणेनऊ रुपये ठेवले.

"मोजून घे," ती म्हणाली.

मी मोजले. बरोबर होते. मास्तरांचा सव्वा, माझा सव्वा, एकूण अडीच रुपये हिरूबायला पोचले.